एलिझाबेथ एकफर्ड : त्या फोटोनंतरचं वर्ष

मृण्मयी_अ

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, लिटल रॉक शहराच्या सेंट्रल हायस्कूलबाहेरचा तो फोटो इथल्या बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. तारीख ४ सप्टेंबर १९५७. डोळ्यांवर काळा चष्मा, छातीशी वही, पांढरा घेरदार स्कर्ट, अशी एक पंधरा वर्षांची काळी मुलगी सरळ समोर बघत चालली आहे. तिच्या मागे तिच्याच वयाची एक गोरी मुलगी आवळलेल्या चेहऱ्याने ओरडते आहे. पुढची एलिझाबेथ एकफर्ड, मागची हेझल ब्रायन. फोटो स्थानिक वृत्तपत्राचे छायाचित्रकार विल काउंट्स यांचा.

मी आर्कान्सामध्येच राहते, बेंटनव्हिलच्या बाजूला. इथे आता मराठी कुटुंबं भरपूर आहेत, गणपती दणक्यात होतो. लिटल रॉक इथून तीन-साडेतीन तासांवर. ती शाळा पाहून आल्यापासून या विषयावर जे जे मिळेल ते वाचते आहे. त्या फोटोवर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या वर्षाबद्दल, कारण त्या मुलांनी खरं जे सोसलं ते शाळेच्या आत, आणि तिथे कॅमेरा नव्हता.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८९६ च्या एका निकालाने 'वेगळं पण समान' हे तत्त्व अमेरिकेत कायदेशीर ठरलं होतं. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला, की सरकारी शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य आहे. लिटल रॉकच्या शाळा खात्याने मग एक अगदी सावध योजना आखली. प्रमुख होते व्हर्जिल ब्लॉसम. काळी मुलं एकदम सगळ्या शाळांत घ्यायची नाहीत, एकाच हायस्कूलपासून सुरुवात करायची, आणि तीही निवडक मुलं. मार्क चांगले हवेत, हजेरी चांगली हवी, वागणूक चांगली हवी. सतरा मुलं निवडली गेली. शाळा सुरू होईपर्यंत नऊ उरली.

या नऊ जणांना आधीच बजावलं होतं, की खेळाच्या संघात यायचं नाही, वाद्यवृंदात नाही, गायनात नाही, शाळेच्या कसल्याच कार्यक्रमात भाग घ्यायचा नाही. आणि कुणी काहीही केलं तरी उलट हात उचलायचा नाही. चौदा ते सतरा वर्षांची मुलं होती ती. त्यांना शाळेत बसू दिलं जाणार होतं, शाळेतली होऊ दिलं जाणार नव्हतं.

गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी २ सप्टेंबरला राज्याचं नॅशनल गार्ड शाळेभोवती उभं केलं. शांतता राखण्यासाठी, असं सांगितलं. प्रत्यक्षात काळ्या मुलांना अडवण्यासाठी. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेच्या स्थानिक नेत्या डेझी बेट्स यांनी मुलांनी एकत्र, पाद्र्यांच्या सोबतीने जायचं ठरवलं आणि रात्री घरोघरी फोन केले. एकफर्डांच्या घरी फोन नव्हता. एलिझाबेथला निरोप पोचलाच नाही.

तिने त्या दिवसासाठी स्वतः पोशाख शिवला होता. पांढरा स्कर्ट, खाली निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाची पट्टी. पहिल्या दिवशी नीटनेटकं दिसावं एवढंच तिच्या मनात. सिटी बसने एकटी गेली, शाळेच्या जवळ उतरली. सैनिक गोऱ्या मुलांना आत सोडत होते, म्हणून तीही त्याच वाटेने गेली. त्यांनी रायफली आडव्या केल्या. तिने दुसरीकडून प्रयत्न केला, तिथेही तेच. मागे जमाव, 'हिला फासावर लटकवा' अशा आरोळ्या. तिने पुढे सांगितलंय, की गर्दीत एखादा मायेचा चेहरा दिसतो का म्हणून ती शोधत होती. एका म्हातारीचा चेहरा तसा वाटला. तिच्याकडे पुन्हा पाहिलं तर ती बाई थुंकली.

ती बसस्टॉपच्या बाकापर्यंत चालत गेली आणि बसून राहिली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बेंजामिन फाइन तिच्या शेजारी बसले आणि रडताना यांना दिसू नकोस म्हणाले. ग्रेस लॉर्च या गोऱ्या बाईने तिला बसमध्ये बसवलं. एलिझाबेथ घरी गेली नाही. काळ्या अंध-मूकबधिर मुलांच्या शाळेच्या धुलाईघरात तिची आई काम करायची, तिथे ती गेली.

आता पुढचं. २० सप्टेंबरला न्यायाधीश रोनाल्ड डेव्हिस यांनी गव्हर्नरला मुलांना अडवायला मनाई केली, गार्ड हटलं. २३ ला नऊ जण बाजूच्या दाराने आत गेले. बाहेर हजाराहून जास्त लोक जमले, काळ्या पत्रकारांना रस्त्यावर बडवलं, आणि दुपारच्या आत मुलांना गुपचूप बाहेर काढावं लागलं. २४ ला अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे, म्हणजे केंद्राच्या लष्कराचे, सुमारे हजार सैनिक पाठवले आणि आर्कान्साचं गार्ड आपल्या ताब्यात घेतलं. २५ सप्टेंबरला मुलं सैनिकांच्या पहाऱ्यात मुख्य दाराच्या पायऱ्या चढली.

इतिहासाच्या पुस्तकात प्रकरण इथे संपतं. मुलांची शाळा इथे सुरू झाली.

प्रत्येकामागे एक सैनिक असायचा, पण वर्गात तो येत नसे, बाथरूममध्ये नाही, व्यायामशाळेच्या कपडे बदलण्याच्या खोलीत नाही. मग छळ नेमका तिथे व्हायचा. जिन्यावरून ढकलणं, लॉकरवर आदळणं, टाचेवर पाय देणं, पाठीवर थुंकणं, व्यायामाच्या तासानंतर अंगावर उकळतं पाणी येईल अशी व्यवस्था करणं. नोव्हेंबरपर्यंत १०१ वी डिव्हिजन परत गेली, मागे राहिलं ते राज्याचंच गार्ड, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी ज्यांनी रायफली आडव्या केल्या होत्या ते. त्यानंतर त्रास वाढत गेला.

एलिझाबेथने स्वतःपुरता एक उपाय काढला. वहीच्या कडेला टाचण्या अशा लावल्या, की टोकं बाहेर येतील. वही छातीशी धरून चालायचं, म्हणजे मुद्दाम धडकायला येणाऱ्याला टोचेल. हात उचलायची परवानगी नव्हती ना, त्यातून तिने काढलेली ही वाट.

आणि एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. फोटोत ओरडणाऱ्या हेझलला तिच्या आईवडिलांनी लगेच त्या शाळेतून काढून घेतलं होतं. एलिझाबेथसोबत ती एक दिवसही शिकली नाही. आत वर्षभर ज्यांनी छळलं त्यांचे चेहरे जगाने कधी पाहिलेच नाहीत. हेझलचा एक चेहरा साऱ्यांच्या वाटचा शिव्याशाप घेत राहिला आणि बाकीचे तसेच मोठे झाले, नोकऱ्यांना लागले, आजीआजोबा झाले. मला हे फार अस्वस्थ करतं.

इथे कुणी या विषयावर वाचलं असेल तर जरूर लिहा.


केदार_कोथरूड

वाचून सुन्न झालो. दोन प्रश्न. एक, मुख्याध्यापक, शिक्षक काय करत होते? दोन हजार मुलांच्या शाळेत पाचपन्नास गुंडांना काढून टाकणं इतकं अवघड होतं? आणि दुसरा प्रश्न बाप म्हणून. माझी मुलगी नववीत आहे. रोज थुंकी झेलून येणाऱ्या लेकीला दुसऱ्या दिवशी परत पाठवायचं, हे त्या आईवडिलांना कसं जमलं असेल?


मृण्मयी_अ

@केदार, पहिल्याचं उत्तर फार संतापजनक आहे. शाळेचा नियम असा, की तक्रार तेव्हाच धरायची, जेव्हा एखाद्या मोठ्या माणसाने प्रकार स्वतः पाहिलेला असेल. मुलीने सांगितलं, अंगावर वळ आहे, कपड्यावर शाई आहे, हे पुरेसं नाही. आणि शिक्षक वळून पाहीपर्यंत सगळे आपापल्या जागेवर. मुलींच्या उपमुख्याध्यापिका एलिझाबेथ हकबी यांनी जमेल तेवढं केलं, नोंदी ठेवल्या, पण त्यांचेही हात या नियमाने बांधलेले होते.

काळ्या मुलांच्या बाबतीत मात्र साक्षीदारांची कधी कमतरता पडली नाही. मिनीजिन ब्राउनचं उदाहरण घ्या. डिसेंबरमध्ये कॅफेटेरियात ती ट्रे घेऊन चालली होती, मुलं वाटेत खुर्च्या सरकवत होती. तिच्या ट्रेमधलं चिली, म्हणजे मांस आणि घेवड्याचं रश्श्यासारखं असतं ते, दोन मुलांच्या डोक्यावर सांडलं. क्षणभर शांतता, आणि मग जेवण वाढणाऱ्या काळ्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिनीजिन निलंबित. फेब्रुवारीत एका मुलीशी शब्दाला शब्द झाला आणि तिला कायमचं काढलं. दुसऱ्या दिवशी शाळेत छापील चिठ्ठ्या फिरत होत्या : एक गेली, आठ राहिले. ज्या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग ब्राउन निकालात उद्धृत झाला होता, त्या केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी तिला न्यूयॉर्कला आपल्या घरी ठेवून शिकवलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. इतकंच माहीत आहे, की ही मुलं घरी सगळं सांगत नसत. सांगितलं तर आईबाप शाळा सोडायला लावतील ही भीती.


सई_जोगळेकर

रूबी ब्रिजेसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी बालवाडीच्या मुलांना शिकवते, म्हणून असेल.

न्यू ऑर्लिन्स, १४ नोव्हेंबर १९६०. रूबी सहा वर्षांची, पहिलीत. विल्यम फ्रांट्झ शाळेत चार फेडरल मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस अधिकारी, तिला घेऊन गेले. बाहेरचा आरडाओरडा पाहून तिला वाटलं, मार्डी ग्रा चालू आहे, म्हणजे तिथला मोठा मिरवणुकीचा सण. पहिला अख्खा दिवस ती मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून होती आणि काचेतून बघत होती, गोरे पालक आपापल्या मुलांना ओढून घरी नेत होते. (त्याच दिवशी त्याच शहरात दुसऱ्या एका शाळेत तीन काळ्या मुली गेल्या, त्यांची आठवण फार कमी लोक काढतात.)

तिला शिकवायला तयार झाल्या बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री. वर्षभर वर्गात दोघीच. बाहेर एक बाई रोज ओरडायची, की हिला विष घालेन. दुसरी एक लहानशी शवपेटी घेऊन उभी राहायची, आत काळी बाहुली. त्या बाहुलीची भीती वाटायची, असं रूबीने सांगितलंय. शिव्यांची तितकी नाही.

आणि डब्याची गोष्ट. रूबीला बाकीच्या मुलांबरोबर कॅफेटेरियात जेवायचं होतं. तिची समजूत अशी झाली, की डबा नाही खाल्ला तर तिकडे नेतील. म्हणून ती सँडविच वर्गातल्या कपाटात लपवायची आणि दूध खळीच्या मोठ्या बरणीत ओतून टाकायची. वर्गात उंदीर आणि झुरळं झाली तेव्हा सगळं उघडकीला आलं. मग हेन्रीबाई तिच्याबरोबर जेवायला बसू लागल्या. सहा वर्षांचं मूल एकटेपण कसं सोडवायला बघतं ते त्या कपाटात होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणाऱ्या आजीआजोबांना तिथून हाकललं. केदार, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. वडिलांचा आधीपासून विरोध होता, आईने लावून धरलं. एकाच घरात दोन मतं होती, आणि दोन्ही लेकीच्या काळजीतूनच आलेली.


मिलिंद_नागपूर

मृण्मयीताई, धागा मनापासून आवडला. वाचताना सातारची शाळा डोळ्यांसमोर येणं अटळ होतं. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय : बसायला गोणपाट, तेही घरून आणायचं आणि घरी न्यायचं, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई रजेवर, तर त्या दिवशी पाणी नाही. शाळेत प्रवेश होता. कागदावर पाहिलं तर भेदभाव नव्हताच.

आपल्याकडचा असा 'प्रवेशाचा खटला' ब्राउनच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचा आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. सरकारने मान्य केलं, की न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एकट्यासाठी शाळा इतरांना निरुपयोगी होईल म्हणून प्रवेश नाकारला. लिटल रॉकला हेच कारण सांगितलं गेलं : गोंधळ होतो, म्हणून या मुलांना बाहेर ठेवा. गोंधळ करणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आणि कोल्हापूर. शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. वर्णविभाजन मोडण्याचा याहून सरळ सरकारी निर्णय कुठला असणार? आर्कान्साच्या गव्हर्नरने सैनिक दारात उभे केले ते अडवायला, इथे संस्थानाचा राजा दार उघडा म्हणत होता. सत्तेवरचा माणूस कुठल्या बाजूला उभा राहतो याने मुलांच्या आयुष्यात किती फरक पडतो ते पाहा.

हे नातं मी ओढूनताणून जोडत नाहीये. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं, त्यात म्हटलंय, की अस्पृश्य आणि अमेरिकेतले काळे यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे, की त्यांचा अभ्यास करणं आवश्यकच ठरतं. ड्युबॉइस यांनी त्याच वर्षी उत्तरही दिलं.


प्रश्नचिन्ह

लेखन चांगलं आहे, पण एक वेगळं मत मांडतो. बंदुकीच्या धाकाने शाळेत घुसवून मनं बदलतात का? समाजाला थोडा वेळ दिला असता, आधी जनजागृती केली असती तर मुलांना हे भोगावं लागलं नसतं, असं वाटत नाही का? शेवटी भोगलं ते मुलांनीच, हे तुम्हीही म्हणताय.


मिलिंद_नागपूर

@प्रश्नचिन्ह, १८९६ पासून १९५४ पर्यंत अठ्ठावन्न वर्षं वेळच दिलेला होता. आणखी किती?


मृण्मयी_अ

@प्रश्नचिन्ह, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वेळ खरोखरच दिला गेला. १९५५ मध्ये न्यायालयाने दुसरा निकाल दिला, त्यात तारीख न घालता 'विचारपूर्वक वेगाने' असं म्हटलं. दक्षिणेतल्या राज्यांनी तो वेळ वापरला तो टाळण्याचे मार्ग शोधायला. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचं (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) पाहा. फार्मव्हिलमध्ये काळ्या मुलांचं मोटन हायस्कूल होतं, साधारण १८० मुलांसाठी बांधलेलं आणि मुलं ४५० च्या वर. जादा वर्ग डांबरी कागद लावलेल्या झोपड्यांत भरायचे. २३ एप्रिल १९५१ ला बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने संप घडवून आणला. कुणा मोठ्या नेत्याने सांगून नव्हे, मुलांनी आपणहून. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राउन निकालात सामील झाला. मग काउंटीने काय केलं? १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळी मुलं काही नातलगांकडे परगावी गेली, बरीचशी घरी राहिली. सात वर्षांचं पोर बारा वर्षांचं होईपर्यंत शाळा नाही.

लिटल रॉकनेही तेच केलं. सप्टेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितलं, की हिंसेच्या भीतीने मुलांचे हक्क लांबणीवर टाकता येणार नाहीत. फॉबस यांनी शहरातली चारही हायस्कुलं बंद केली. मतदान घेतलं, १९,४७० लोकांनी एकत्रीकरणाच्या विरोधात मत दिलं, ७,५६१ लोकांनी बाजूने. म्हणजे आपल्या स्वतःच्या मुलांचंही वर्ष बुडालं तरी चालेल, पण शेजारी काळं मूल नको. या वर्षाला तिथे 'हरवलेलं वर्ष' म्हणतात. साडेतीन हजारांवर मुलांचं शिक्षण अडलं, त्यात एलिझाबेथही होती. तिने पत्राद्वारे आणि रात्रीच्या वर्गांतून अभ्यास पुरा केला. सेंट्रल हायस्कूलचं प्रमाणपत्र तिला कधीच मिळालं नाही. नवांपैकी तिथून पास होऊन बाहेर पडले तिघेच : १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीन, १९६० मध्ये कार्लोटा वॉल्स आणि जेफरसन थॉमस. कार्लोटाच्या घरावर तर परीक्षेच्या काही महिने आधी बॉम्ब टाकला होता.

ग्रीनच्या पदवीदानाला मार्टिन ल्यूथर किंग येऊन बसले होते. सहाशे मुलांची नावं पुकारली, प्रत्येकाला टाळ्या. ग्रीनच्या नावाला कुणीच टाळी वाजवली नाही. तो पुढे सांगत असे, की टाळ्यांची त्याला गरज नव्हती, जे करायचं होतं ते झालं होतं.

फॉबस मात्र निवडून येत राहिले, १९६७ पर्यंत गव्हर्नर होते. म्हणून मला असं वाटतं, की बंदुका आणल्या हे चुकलं नाही. त्या वर्गाच्या दाराशी थांबल्या आणि आतल्या मोठ्या माणसांनी मुलांना वाऱ्यावर सोडलं, हे चुकलं. मुलांना ढकलणाऱ्याला शिक्षा करायला समाजाचं मन बदलावं लागत नाही, शिक्षकाने मान वर करून बघावं लागतं.


अटलांटाकर

उत्तम चर्चा. दोन मुद्दे जोडतो.

पहिला आर्थिक वर्गाचा, गरीब-श्रीमंतीचा. १९५७ मध्येच लिटल रॉकच्या पश्चिमेला, सुखवस्तू वस्तीत, हॉल हायस्कूल नावाची नवी शाळा सुरू झाली. ती त्या वर्षी पूर्ण गोरी ठेवली. म्हणजे योजना आखणाऱ्या, शहर चालवणाऱ्या लोकांची मुलं हॉलमध्ये, आणि 'प्रयोग' मात्र कामगार वस्तीतल्या गोऱ्यांच्या शाळेत. त्याने वंशद्वेष समर्थनीय ठरत नाही, पण शाळेबाहेर कुठले लोक इतके पेटून उभे होते हे थोडं समजतं.

दुसरा मुद्दा काय गमावलं याचा. एकत्रीकरण म्हणजे बहुतेक ठिकाणी काळ्या मुलांनी गोऱ्यांच्या शाळेत जाणं. उलट क्वचितच. काळ्यांच्या शाळा बंद झाल्या किंवा खालच्या दर्जाला आणल्या, आणि हजारो काळे शिक्षक, मुख्याध्यापक नोकरीला मुकले. त्या शाळांत पुस्तकं गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेली असत, इमारती पडक्या, पण शिक्षक अव्वल. इतर नोकऱ्या बंद असल्याने उच्चशिक्षित काळी माणसं शिक्षकी पेशात येत. प्रत्येक मूल कुणाचं, घरी काय चाललंय हे त्यांना माहीत असे. आमच्या शेजारच्या आजी दक्षिण जॉर्जियातल्या अशा शाळेत शिकल्या. त्या म्हणतात, आमच्या बाईंना आमच्याकडून अपेक्षा होती. नव्या शाळेत कुणालाच नव्हती. ब्राउन निकाल चुकला असं त्या मुळीच म्हणत नाहीत. शाळा उघडताना आमची माणसं का फेकून दिली, एवढंच विचारतात.

आणि आजचं. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला, की उपनगरांच्या शाळांना शहराच्या एकत्रीकरणात ओढता येणार नाही. तेव्हापासून उपनगरात घर घेणं हाच वेगळं राहण्याचा कायदेशीर मार्ग झाला. शाळांचा बराच पैसा तिथल्या घरपट्टीतून येतो. आपण मराठी मंडळी घर घेताना पहिली गोष्ट काय बघतो? शाळेचं रेटिंग. मीही तेच बघितलं. मुलांसाठी चांगली शाळा बघणं हा गुन्हा नाही, पण त्या आकड्यामागे कुठली भिंत उभी आहे हे आपल्याला ठाऊक असावं. १९६५ चा स्थलांतराचा कायदा नागरी हक्कांच्या त्याच लाटेत झाला, आणि तो झाला म्हणून आपल्याला इथे येता आलं. या मुलांचं आपल्यावर ऋण आहे, असं मी मानतो.


केदार_कोथरूड

@अटलांटाकर, शेवटचा परिच्छेद बायकोला वाचून दाखवला. पुण्यातही प्रवेशाच्या वेळी 'तिथे कुठली मुलं येतात' हा प्रश्न पालक सर्रास विचारतात. २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवल्याचं एका शाळेबद्दल मी स्वतः ऐकलंय, जवळच्या नात्यातून. तेव्हा गप्प बसलो नव्हतो, पालकसभेत बोललो, पण साथ फार थोड्यांनी दिली.


नंदा_सांगली

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. नववीच्या मुलांना हे सांगायचं मनात आहे. 'ती किती शूर होती' एवढ्यावर मुलं थांबतात, आणि शूर माणूस आपल्यापेक्षा वेगळा असतो असं समजून मोकळी होतात. मला त्यांना बाजूच्या बाकावर बसवायचं आहे. म्हणून विचारते : दोन हजार मुलांत एकही जण एलिझाबेथशी नीट वागला नाही का? आणि पुढे तिचं, हेझलचं काय झालं?


मृण्मयी_अ

@नंदाताई, तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. होते, दोघे होते. एलिझाबेथचा शेवटचा तास भाषणकलेचा असायचा. त्या वर्गातला एक मुलगा आणि एक मुलगी तिच्याशी रोज बोलायची. विशेष काही नाही, आज काय झालं, गृहपाठ केलास का, असलंच. त्या वर्षी शाळेत तिच्याशी माणसासारखं बोलणं झालं ते तेवढ्या तासात. त्यापायी त्या दोघांनाही इतर मुलांकडून त्रास सोसावा लागला. एलिझाबेथने पुढे कितीतरी वर्षांनी त्यांची आठवण काढली, तिच्यासाठी त्या तासाचं मोल काय होतं ते सांगितलं. नववीच्या मुलांसाठी मला वाटतं हीच गोष्ट घ्या. बाकी बहुसंख्य मुलांनी तिला कधी ढकललं नाही, थुंकली नाहीत, फक्त दुसरीकडे बघितलं. तुमच्या वर्गात चर्चा रंगेल ती यांच्यावर.

पुढचं आयुष्य सोपं गेलं नाही. ती काही वर्षं सैन्यात होती, इतिहासात पदवी घेतली, लिटल रॉकला परतली. नैराश्याने तिला अनेक वर्षं ग्रासलं होतं, आत्महत्येचे प्रयत्नही झाले. त्या वर्षाबद्दल बोलायला लागल्यावर तिला रडू आवरत नसे. नंतर ती शाळांमधून मुलांसमोर बोलू लागली, न्यायालयात प्रोबेशन अधिकारी म्हणून काम केलं. १९९९ मध्ये नऊही जणांना अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सुवर्णपदक मिळालं.

हेझलने साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिला फोन करून रडत माफी मागितली. एलिझाबेथने माफ केलं. १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी, विल काउंट्स यांनीच दोघींचा शाळेसमोर हसरा फोटो काढला, त्याचं पोस्टर झालं, आणि दोघींची खरीखुरी मैत्रीही जमली. एकत्र फिरायच्या, भाषणं द्यायच्या. पण ती टिकली नाही. हेझलने ते दिवस पुरते आठवून सांगावेत असं एलिझाबेथला वाटे, आणि ती ते टाळते आहे असा तिचा समज झाला. हेझलला वाटे, आपण कितीही केलं तरी कमीच पडतं. पोस्टरवर नंतर एलिझाबेथच्या शब्दांतली एक छोटी चिठ्ठी चिकटवली गेली. आशय असा : आपला वेदनादायी पण सामायिक भूतकाळ प्रामाणिकपणे कबूल केला, तरच खरा समेट होऊ शकतो. तिने ही अट कधी सैल केली नाही, आणि मला तिचं पटतं.

कुणी इकडे येणार असाल तर : शाळा अजून चालू शाळाच आहे, आणि राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळही. त्यामुळे आत जायचं तर पार्क सर्व्हिसच्या, म्हणजे अशी स्थळं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, रेंजरबरोबरच जाता येतं, आधी नोंदवावं लागतं, मुलांच्या वेळापत्रकाप्रमाणे. चौकापलीकडे माहिती केंद्र आहे, त्याला तिकीट नाही. १९५७ चा पेट्रोल पंप तसाच ठेवलाय. पत्रकार तिथल्या फोनवरून बातम्या द्यायचे. बसस्टॉपच्या बाकाची प्रतिकृतीही २०१८ मध्ये बसवली आहे. शाळेपासून बाकापर्यंत चालून बघा, फार लांब नाही.

नंदाताई, तुमच्या तासाला मुलं काय म्हणाली ते इथे नक्की लिहा. भाषणाच्या तासाबद्दल तिने जे सांगितलंय त्याचं मराठीत टिपण करून तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.